आप्पांनी किल्ली उचलली

“डोळे मिटा,” मी तिसऱ्यांदा सांगितलं. आप्पा माझ्याकडे टकाटका बघत राहिले आणि अर्थ नसलेलं काहीतरी भराभर बडबडले. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. “बुद्धी गेली. उद्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं. कागद तयार ठेवा.”

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. बेळगावातल्या एका दवाखान्यात मी ज्युनियर होतो. आप्पा सदलग्याचे तंबाखूचे व्यापारी. बैलगाडीवरून पडून डोक्याला मार बसला होता.

आमच्याकडे एक्स-रे होता, पण त्यात कवटीचं हाड दिसायचं, मेंदू नाही. मेंदू तपासायचा तो बाहेरूनच. गुडघ्यावर रबरी हातोडी मारायची, तळव्याला टाचणी लावायची, सोपे हुकूम सोडायचे. काय चालतंय आणि काय बंद पडलंय, यावरून इजा आत कुठं झाली ते ठरवायचं. आप्पांचे हातपाय ठणठणीत होते. हुकूम तेवढे कळत नव्हते.

मी कागद भरला आणि त्यांच्या सहीसाठी न्यायला वळलो. झाडूवाला खाटांखालून केर काढत होता. आप्पांच्या बायको, आक्का, रोजच्यासारख्या दाराआड उभ्या होत्या. सायबांसमोर त्या कधी बोलत नसत, सगळं मुलगाच बोले. धूळ उडाली तशा त्या आडूनच म्हणाल्या, “कण्ण मुच्चरी.” म्हणजे डोळे मिटा.

आप्पांनी डोळे मिटले.

मी जागीच थांबलो. मुलाला विचारलं, “घरी कन्नड बोलता?”

“व्हय सायेब. पेढीवर समदं मराठी. आप्पांची मराठी तर लई चोख.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं न्हाईसा.”

खरंच होतं ते. मी जवळच्याच उचगावचा, बाजारापुरतं कन्नड मलाही येत होतं. पण दवाखान्यात साहेबासमोर कन्नड बोलणं म्हणजे घरच्या कपड्यांत कचेरीत जाणं. त्यांनाही तसंच वाटलं आणि मलाही. माझी मलाच लाज वाटली.

मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, “धूळ उडाली की मांजरही डोळे मिटतं.”

“दहा मिनिटं द्या, सर.”

ट्रेमध्ये किल्ली, चमचा आणि घड्याळ ठेवलं. नजरेनं किंवा ओठांनी खूण मिळू नये म्हणून आक्कांना पडद्यामागं बसवलं. त्या घाबरल्या होत्या, पण आवाज स्पष्ट होता. कन्नडमधून त्यांनी किल्ली मागितली. आप्पांनी किल्ली उचलली. मग चमचा, मग घड्याळ. पुन्हा उलट्या क्रमानं. तेच मी मराठीत मागितलं, तर ट्रेकडे नुसतं बघत बसले.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. “वेड नाही हे. अफेझिया.” म्हणजे डोकं शाबूत, पण मेंदूतला भाषेचा भाग दुखावलेला. आप्पांची एक भाषा जास्त दुखावली होती, दुसरी कमी. वेड्यांच्या इस्पितळाचा कागद मोठ्या डॉक्टरांनी स्वतः फाडला. आक्का पडद्यामागं हमसून रडल्या, आणि खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरले.

मग आक्काच मास्तर झाल्या. रोज दहा वस्तू, दहा शब्द. बडबड निवळत गेली. काही आठवड्यांनी आप्पा घरी गेले.

पुढच्या वर्षी ते मला भेटायला आले. मी मोठ्या हौसेनं कन्नडमधून विचारपूस केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाले, “डॉक्टर... तुमचं कन्नड... लई वंगाळ हाय.”

तेव्हापासून हातोडी काढण्याआधी मी पेशंटला नाही, त्याच्या बायकोला विचारतो, “हे घरी कुठल्या भाषेत भांडतात?”