चिंधी कशासाठी

भोसरीतल्या कारखान्यात आम्ही बायका पंख्याच्या मोटारींची कॉइल गुंडाळायचो. तांब्याची तार रिळावरून निघायची, एका चिंधीतून सरकायची आणि मग यंत्रात जायची. अशी चिंधी प्रत्येक यंत्राला असे. मी कामाला लागले तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी मला आधी चिंधी बांधायला शिकवलं, यंत्र चालवायला मागाहून.

एकदा दिवाळीनंतर मावशींच्या कॉइल तपासणीत नापास होऊ लागल्या. तारेवरचा लाखेसारखा थर खरवडलेला निघायचा. मालक म्हणाले, "मावशी, हात थरथरतो आता तुमचा. शनिवारपर्यंत बघू, नाहीतर घरी आराम करा." मावशींचं घर त्यांच्याच पगारावर चालत होतं. दिवसभर त्यांचं गाणं गुणगुणणं बंद होतं.

मिस्त्रीचाचांनी यंत्र खोललं. बेअरिंग बदललं, पट्टा बदलला, नवं रीळ लावलं. कॉइल पुन्हा नापास. "मशीन तर एकदम ठीक आहे," चाचा म्हणाले आणि मावशींकडे बघायचं त्यांनी टाळलं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मावशींची चिंधी फार काळी दिसली म्हणून मी नळावर धुवायला नेली. बोटांना कचकच लागली. मावशींच्या मागच्या खिडकीबाहेर नुकतंच लोखंड घासायचं चाक बसवलं होतं, त्याची धूळ आत येऊन चिंधीत बसत होती आणि तार तिच्यातूनच घासत जात होती. चिंधी परत बांधताना माझा हात थांबला. मी हळूच विचारलं, "मावशी, ही बांधायची कशाला?"

"आता गं बया! बांधत्यात म्हणून."

"पण कशाला?"

"मला काय ठावं? मी आले तवा बांधलेलीच व्हती."

मी एवढं बोलले हेच माझ्यासाठी पुष्कळ होतं. पण मावशींचा आवाज भोंग्यासारखा. "ओ चाचा! ही पोरगी इचारतीया, चिंधी कशापायी?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

चाचा आले, चिंधी हातात घेतली आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! ही तर मीच बांधली होती. रिळाचा दांडा वाकला होता, तार उड्या मारायची. म्हटलं, नवा दांडा येईस्तोवर चालवा. दांडा आला, बसवला, चिंधी सोडायची राहिली!"

"मग आमच्या यंत्रांना कुणी बांधल्या?" पलीकडून एकीनं विचारलं.

"ते तुम्हीच सांगा, बाई!"

एकीचं बघून दुसरीनं बांधली असणार. हसून हसून आमच्या डोळ्यांना पाणी आलं.

मावशींनी चिंधीशिवाय कॉइल गुंडाळली. तार सरळ गेली, उडी नाही की काही नाही. तपासणीच्या टेबलावरून "पास!" अशी आरोळी आली, तेव्हा मालकही येऊन उभे होते. जरा ओशाळून म्हणाले, "मावशी, सोमवारी या हं वेळेवर."

"येते की," मावशी म्हणाल्या. आता त्यांना जोर चढला होता. "पर मालक, च्याची किटली आमच्याकडं गडीमाणसांच्या मागनं का वो?"

"तशीच पद्धत आहे, पहिल्यापासून..." मालक बोलून गेले आणि थबकले. चाचा खो खो हसत सुटले. मग मालकांनाही हसू आवरेना.

त्या दुपारी किटली आधी आमच्याकडे आली. कारखान्यातला चहा इतका गरम असतो, हे मला तेव्हा कळलं.