आक्कांच्या पेनाची दुरुस्ती

पेनवाल्या काकांच्या घरी लिहायला पेन मागायची सोय नाही. कपाटभर जुनी जर्मन पेनं आहेत, मखमलीवर ओळीने निजलेली. पण गॅसवाल्याचा नंबर टिपायचा झाला तर काकू बिचाऱ्या भुवयांची पेन्सिल शोधतात. काका आयुष्यभर लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचत हिंडले, रिटायर झाले आणि या नादाला लागले. काकू म्हणतात, दारू परवडली असती, दारुडा निदान कधीतरी झोपतो.

कुणी चुकून विचारलंच, "एवढं काय असतं हो त्यात?" की मेला तो! काका खुर्ची पुढे ओढतात. जुन्या जर्मन पेनाचं सोन्याचं टोक म्हणजे काय चीज! जरा दाबलं की फाकतं, रेघ जाड होते. सोडलं की पुन्हा बारीक. मागचं बूड फिरवलं की आतला दट्ट्या सरकतो आणि पेन पोटभर शाई पितं. आणि सगळं कसं, कारखान्यातून निघालं तसंच हवं. पेन घासूनपुसून चकाचक करणाऱ्या माणसाशी काका बोलत नाहीत.

पण काकांचा जीव अडकला होता कपाटाबाहेरच्या एका काळ्या पेनात. ते होतं त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे. वडील गेले तेव्हा वाटणीत काकांनी मोठ्या ऐटीत घड्याळ उचललं आणि पेन आक्कांकडे गेलं. घड्याळ दुसऱ्याच वर्षी बंद पडलं. पेन अजून चालू होतं, आणि काकांचं जळणंही.

आक्का त्या पेनाने एका साप्ताहिकाची शब्दकोडी रचायच्या. नवरा गेला, मुलं पांगली, गुडघे गेले. कोडं तेवढं राहिलं होतं. संधिवाताने बोटं वेडीवाकडी झालेली, बॉलपेन दाबून चालवणं जमायचं नाही. हे पेन मात्र नुसतं टेकवलं की चालायचं. काका अधूनमधून खडा टाकून बघायचे, "आक्का, तुला नवं आणून देतो, हे मला दे."

"मी मेले की घे," आक्का म्हणायच्या. "घाई असेल तर तसं सांग."

एक दिवस आक्कांचा फोन आला. "बाळ्या, तुझ्या लाडक्याला बद्धकोष्ठ झालंय. बघ जरा."

काकांनी पेन तान्ह्या बाळासारखं घरी आणलं. दट्ट्याचं बूच वाळलं होतं, ते बदललं. काम तिथेच संपलं होतं. पण काकांनी भिंग लावून टोक बघितलं आणि हळहळले. टोकावरचा, कागदाला टेकतो तो दाणा एका बाजूने तिरका झिजला होता. पुस्तकातल्या फोटोत कसा गोल गरगरीत! झालं, हात शिवशिवायला लागले. बारीक पॉलिश पेपरवर हळूहळू घासून त्यांनी तो दाणा अगदी फोटोतल्यासारखा गोल केला.

"आक्कांना विचारलंत का?" काकू म्हणाल्या.

"तिला काय कळतंय त्यातलं!"

पेन परत हातात आल्यावर आक्कांनी ते नेहमीसारखं टेकवलं. काही उमटेना. पुन्हा टेकवलं, तर नुसतं खरखरलं.

"काय केलंस रे याला?"

"मूळचं होतं तसं केलं."

"अरे मेल्या, माझी बोटं वाकत गेली तसतसं ते झिजत गेलं होतं. आता त्या कारखान्यातला कुणी येणार आहे का माझी कोडी लिहायला?"

काका म्हणाले, तू सांग, मी लिहून घेतो. बसले दोघं समोरासमोर. पण आक्कांचं डोकं हातातून चालायचं. तोंडी काही म्हणजे काही सुचेना. त्या आठवड्यात साप्ताहिकात कोड्याच्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात आली. आक्कांनी अंक घडी घालून बाजूला ठेवला. चार शिव्या हासडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. आपण बहिणीचा हातच मोडलाय, हे त्यांना कळून चुकलं.

शेवटी त्यांनी अख्खं कपाट पिशवीत भरलं आणि आक्कांच्या टेबलावर मांडलं. काकूही आल्या होत्या, मजा बघायला. एकेक पेन शाईत बुडत होतं आणि दर वेळी काका डोळे मिटून घेत होते.

"हे खरडतं," आक्का म्हणाल्या. "हे जड आहे. हे तुझ्यासारखं, नुसतंच गळतं."

आणि मग त्यांनी नेमकं हिरव्या पट्ट्यांचं पेन उचललं. त्याला जन्मात शाई लागली नव्हती. दुकानातली किमतीची चिठ्ठी अजून अंगावर होती, आणि शौकीन लोक जीव टाकतात तो त्या चिठ्ठीवरच. काकूंनीसुद्धा श्वास रोखला.

आक्कांनी ते बुडवलं, दोन रेघा ओढल्या. "टोक मऊ आहे. वळेल हाताला."

"किती दिवसांत?" काकांनी विचारलं.

"दिवसांत? त्याला चाळीस वर्षं लागली होती, बाळ्या. ती आता मी कुठून आणू?"

काकांचे डोळे भरून आले. आक्कांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, वाकड्या नखाने ती चिठ्ठी खरवडून काढली आणि काकांच्या तळहातावर चिकटवली.

"ही तुला. पेन मला," त्या म्हणाल्या. "आणि रडून झालं असेल तर कागद धर, सरकतोय."