म्यानांचा काळा रंग

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्या वर्षी माझ्या बाबांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. आमचं गाव शेलूबाजारहून पायी जाण्याजोगं. बाबा चाकू-सुऱ्यांची चामड्याची म्यानं करायचे. मंगरूळपीरच्या उरुसात मेंढपाळ आणि खाटीक ती आवर्जून घ्यायचे, कारण बाबांचा काळा रंग पावसात भिजला तरी धोतराला लागत नसे.

शिवण मला येत होती. माय वारल्यापासून आरीनं भोकं पाडून मेणाचा दोरा मीच ओवायची. रंग मात्र बाबा एकटेच करत.

उरूस जवळ आला. बाभळीच्या सालीत कमावलेलं एकच कातडं घरात उरलं होतं. मी त्याची म्यानं शिवली आणि रंगासाठी मंगरूळपीरला गेले. दुकानदारानं दोन पुड्या पुढे ठेवल्या. एकीत हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार होता, दुसरीत कारखान्यातली काळी पूड.

"तुह्या बाबानं काय नेलं होतं, ते सांग."

"मले नाई माहीत."

"मंग त्यायलेच इचार ना."

दोन्ही थोडं थोडं घेऊन मी घरी आले. पुड्या बाबांसमोर धरल्या. "हे का? का हे?" बाबा दोन्हींकडे पाहत राहिले. डावा हात त्यांनी दाराकडे केला. रंगात गंज घालत असतील म्हणून मी धावत अंगणातून गंजलेलं लोखंड आणलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. हिरडा आणला, गूळ आणला. मान हलतच राहिली. शेवटी त्यांच्या घशातून नुसती घरघर निघाली आणि डोळे वाहायला लागले.

"राहू द्या, बाबा," मी म्हटलं. पण राहू देऊन चालणार नव्हतं. आम्हा दोघांना दुसरा आधार नव्हता.

एका तुकड्यावर पूड लावून पाहिली. ओल्या बोटाला सगळी लागली. मग हिराकस पाण्यात कालवून लावला. चामडं बघता बघता काळं झालं. मला इतका आनंद झाला की मी सगळी म्यानं त्यात बुडवली. काळं अजून गडद व्हावं म्हणून हिराकस वाढवतही गेले.

वाळल्यावर पहिलं म्यान वाकवलं, तर ते पापडासारखं तडकलं. दुसरंही तडकलं. मी एकेक उचलत गेले आणि प्रत्येक हातात मोडत गेलं. बाबा खाटेवरून बघत होते.

दुपारी शेजारच्या शेतकऱ्याकडे गेले. त्याच्या विहिरीपाशी फाटकी मोट पडली होती.

"काका, हे चामडं मले द्या."

"कायले पायजे? सडलं ते."

"जे चांगलं निघंल ते कापतो."

त्यानं नेऊ दिलं. कडेचं घट्ट चामडं कापून मी पुन्हा म्यानं शिवली, त्यांना जवसाचं तेल चोळलं. रंग लावायची हिंमतच नव्हती. उरुसात एका मेंढपाळानं म्यान हातात फिरवून पाहिलं.

"हे काळं नाई."

"नाई. मले येत नाई तो रंग."

त्यानं एक घेतलं. बाकीचे बघून पुढे गेले.

संध्याकाळी घरी येऊन उरलेल्यांतलं एक म्यान बाबांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला, म्यान बाजूला ठेवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी भाकर वरणात कुस्करून त्यांच्यापाशी बसून राहिले. बऱ्याच वेळानं ते वळले आणि त्यांनी घासासाठी तोंड उघडलं.