दातासाठी बोट

कपिला नदीला मोठा पूर आला त्या पावसाळ्यात आमची पलटण बंगळूरला होती. मी राव, हुद्दा नाईक, नर्सिंग असिस्टंट. सकाळच्या फॉलिनमध्ये, हजेरीच्या रांगेत, हुकूम आला की एक कॉलम, म्हणजे तुकडी, फ्लड रिलीफसाठी म्हैसूरला जाईल. सुभेदार शिर्के साहेबांनी मला पुढे बोलावलं.

"राव, तू म्हैसूरचा ना? कन्नड येतं?"

"येतं, साहेब."

"मग चल."

माझं घर म्हैसूरच्या अग्रहार भागात. वडील शिंपी. दुकानात गिऱ्हाइकाशी कन्नड, घरात मराठी, आणि तेही निम्मं कन्नडच. पलटणीतले सातारा-कोल्हापूरकडचे जवान माझं मराठी ऐकून हसत. सगळ्यांत जास्त हसायचा नाईक सोपान मोहिते. तो आमचा बोट ऑपरेटर होता.

हिनकलच्या पुढे एका मैदानात आमचा कॅम्प लागला. घर तिथून ऑटोने जाण्याइतकं जवळ होतं. मी गेलो नाही. आईला निरोप पोचला होता, तेवढं पुरे होतं.

काम ठरलेलं होतं. सकाळी ट्रकमधून नदीकाठी जायचं, बोटी उतरवायच्या, बुडालेल्या गावांतून माणसं काढायची. माझ्याकडे मेडिकलची पिशवी असे. ताप, जुलाब, पत्र्याने कापलेले पाय, घाबरून चढलेलं ब्लड प्रेशर. इंजेक्शनं कमी लागत, धीर जास्त लागे. पहिले दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी आम्हाला नदीच्या वळणावरचं एक गाव दिलं. घरं छपरापर्यंत पाण्यात होती. अर्धं गाव दुमजली शाळेच्या वरच्या मजल्यावर जमलं होतं. शाळेपासून थोड्या अंतरावर देवळाचं उंच टेकाड होतं. माणसं बोटीने टेकाडावर न्यायची, तिथून मागच्या वाटेने ट्रक त्यांना घेऊन जातील, असा प्लॅन होता. वरच्या धरणातून दुपारनंतर आणखी पाणी सुटणार होतं. त्याआधी शाळा रिकामी व्हायला हवी होती.

शाळेच्या वरच्या मजल्यावर गेलो तर गोंधळ नव्हता. माणसं ओळीने बसलेली, म्हातारी पुढे, बायका-मुलं त्यांच्यामागे, गडी शेवटी. ही शिस्त तिथल्या बाईंनी लावली होती. सुशीलाबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका. वय पन्नाशीच्या आतलं. पुराच्या पहिल्या दिवसापासून त्या तिथेच होत्या. तोंडावर पदर धरून हातानेच खुणा करत होत्या. मी कन्नडमध्ये काही विचारलं, तर माझं म्हैसुरी कन्नड ऐकून आणि शर्टावरची नावाची पट्टी वाचून त्या मराठीत बोलल्या.

"अग्रहारातले का तुम्ही? शिंप्याच्या दुकानाचे?"

म्हैसुरात आमच्या लोकांची ओळख अशीच लागते. पण माझं लक्ष शब्दांकडे नव्हतं, आवाजाकडे होतं. तोंडात गरम घास धरून बोलावं तसा तो येत होता.

"बाई, पदर काढा पाहू."

"काही नाही हो. दात आहे. सुम्ने सुजलंय स्वल्प. तुम्ही आधी माणसं न्या."

सुम्ने म्हणजे उगीच, स्वल्प म्हणजे थोडं. त्यांनी पदर काढला. सूज थोडी नव्हती. हनुवटीखाली एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे गळा भरून आला होता. हात लावला तर लाकडासारखा कडक. अंगात ताप. लाळ गिळता येत नव्हती म्हणून पदर ओला झाला होता. तोंड उघडा म्हटलं तर जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडलं. जीभ वर, टाळूकडे ढकलली गेलेली.

"दात कधीपासून दुखतोय?"

"महिना झाला असेल. खालची दाढ. लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या. मग दुखायचं आपोआप थांबलं. मला वाटलं, बरं झालं. परवापासून हे असं."

आदल्या वर्षी माझी ड्यूटी डेंटल सेंटरमध्ये होती. तिथल्या लेडी डॉक्टर, मेजर साहेब, प्रत्येक जवानाला एकच गोष्ट समजावायच्या, आणि समजावताना स्वतः कंटाळत नसत. कीड दातातल्या नसेपर्यंत पोचली की दात ठणकतो. नस मेली की ठणका थांबतो. जवान खूश होऊन जातो. पण जंतू मेलेले नसतात. ते मुळाच्या टोकाशी पू करत बसतात आणि तो पू बाहेर पडायला वाट शोधतो. खालच्या दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली उतरतात, म्हणून तिथला पू गळ्यात उतरू शकतो. दोन्ही बाजूंनी गळा भरला, जीभ वर गेली, की श्वासाची वाट बंद व्हायला फार वेळ लागत नाही. हे सांगताना त्या स्वतःचा गळा बोटाने दाखवायच्या.

मी वायरलेस सेट उचलला.

"हॅलो टायगर फॉर बोट वन. मेसेज. ओव्हर."

"टायगर. बोल. ओव्हर." सुभेदार साहेबांचा आवाज.

"एक लेडी पेशंट. दाढेचं इन्फेक्शन गळ्यात उतरलंय. टेकाडावरून ट्रकने उशीर होईल. सरळ पलीकडे रोडहेडला न्यायची परवानगी हवी. ओव्हर."

रोडहेडला, म्हणजे पलीकडच्या काठावर पक्का रस्ता पाण्याला लागत होता तिथे, अॅम्ब्युलन्स आणि आमचे डॉक्टर, कॅप्टन साहेब होते. तिथून म्हैसूरचं मोठं हॉस्पिटल थेट रस्त्यावर. पण मध्ये नदीची मुख्य धार होती. आणि बोट तिकडे गेली की शाळेतल्या माणसांना एकच बोट उरणार होती.

"राव, दातासाठी बोट? ओव्हर."

"दातासाठी नाही, साहेब. श्वासासाठी. ओव्हर."

सुभेदार साहेबांनी सेट दुसऱ्या हातात दिला. मग कॅप्टन साहेब बोलले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. जीभ वर आहे का? लाळ गिळते का? श्वासाला आवाज येतो का? मी बाईंच्या तोंडाशी कान नेला. आत घेताना बारीक शिट्टी येत होती. तसं सांगितलं.

"ताबडतोब आणा. बसवून, पुढे वाकवून. कुठल्याही कारणाने झोपवू नका. अँटिबायोटिकचं इंजेक्शन आत्ता द्या, पण आधी विचारून घ्या, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का. ओव्हर."

"रॉजर. आउट."

अॅलर्जी नव्हती. इंजेक्शन दिलं, पण बाई उठायला तयार नव्हत्या. ओळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझा नंबर शेवटी. मीच लावलाय."

मोहिते दारात उभा होता. तो म्हणाला, "बाई, तुम्ही लावलेली ओळ आता तुमच्याशिवायपण चालतीय. बघा की, कुणी हललंय का? चला."

ओळीतली एक म्हातारी कन्नडमध्ये म्हणाली, "होगम्मा, होगु." जा बाई, जा. त्या उठल्या.

बोटीत मी त्यांच्या मागे बसलो आणि त्यांना पुढे वाकवून धरलं. पुढे दोघे जवान वल्ही घेऊन, मागे इंजिनावर मोहिते. गावाबाहेर पडलो तोवर ठीक होतं. मुख्य धारेत बोट आडवी जायला लागली. झाडं, पत्रे, मेलेली गुरं वाहत होती. मोहिते बोटीचं नाक वरच्या अंगाला धरून धार तिरकी कापत होता. अर्ध्यावर इंजिनाने आवाज बदलला आणि ते बंद पडलं.

"पंख्यात काहीतरी अडकलंय," मोहिते म्हणाला. "वल्ही मारा. थांबू नका."

त्याने लाइफलाइन कमरेला बांधली, टोक माझ्या मोकळ्या हातात दिलं, चाकू दातात धरला आणि पाण्यात उतरला. मी एका हाताने बाईंना धरलं, दुसऱ्याने दोर. बोट खाली वाहत होती. पुढे पुलाचा मोडका खांब दिसत होता. बाईंची शिट्टी आता पाण्याच्या आवाजातही ऐकू येत होती. त्यांनी माझं मनगट पकडलं होतं. त्यांची बोटं अजून घट्ट आहेत, एवढंच मी पाहत होतो.

मोहिते वर आला तेव्हा त्याच्या हातात ठिबकची काळी नळी होती, वेटोळ्यांनी. ती फेकून, बोटीत चढून त्याने इंजिनाची दोरी ओढली. इंजिन लागलं. खांब आमच्या उजव्या हाताला राहिला.

रोडहेडला कॅप्टन साहेब गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि लगेच अॅम्ब्युलन्स सुरू करायला सांगितलं. तिच्यातही त्यांना बसवूनच नेलं. आम्ही बोट वळवली. शाळेतली माणसं काढायची होती.

धरणाचं पाणी यायच्या आत शाळा रिकामी झाली. ओळ शेवटपर्यंत मोडली नाही. त्या गावातला एकही माणूस दगावला नाही.

संध्याकाळी कॅप्टन साहेब कॅम्पवर आले. बाईंचे ओठ हॉस्पिटलच्या दारातच निळे पडले होते. तोंड उघडत नव्हतं, म्हणून गळ्यात छेद देऊन श्वासाची नळी घालावी लागली. मग पू काढला आणि ती दाढही.

"आता आडव्या झोपल्यात," साहेब म्हणाले. "शांत."

मोहितेने टोपी काढून डोकं खाजवलं. "एवढीशी दाढ," म्हणाला, आणि चहा आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी फॉलिनमध्ये शिर्के साहेब समोर उभे राहिले.

"ज्याचा दात दुखतो, एक कदम आगे."

कोणी हललं नाही.

"ज्याचा दुखत होता आणि आपोआप थांबला, तो?"

चार जवान पुढे आले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वळून त्यांच्याच शेजारी उभे राहिले. पूर ओसरल्यावर पाचही जणांच्या दाढांवर इलाज झाला. साहेबांची काढावी लागली. त्यांनी ती आठवडाभर सगळ्यांना दाखवली.

बाई बऱ्या झाल्या. गळ्यावर छेदाची खूण राहिली, ती त्यांनी कधी पदराखाली लपवली नाही. मुलांना ती दाखवून सांगत, दुखायचं थांबलं तरी डॉक्टरकडे जायचं, थांबलं तर आधी जायचं. त्यांच्या आग्रहाने दरवर्षी दातांचे डॉक्टर शाळेत येऊ लागले. त्या शाळेतून शिकलेली एक मुलगी आज म्हैसूरच्या हेब्बाळ भागात दातांचा दवाखाना चालवते. माझे दात मी तिलाच दाखवतो.

सोपान मोहिते पुढे उत्तरेत गेला. तिथे बर्फाचा कडा कोसळून दुसऱ्या तुकडीची माणसं गाडली गेली. त्यांना काढायला जे गेले त्यांत तो होता. दोघांना त्याने बाहेर काढलं. दुसऱ्यांदा बर्फ आला त्यात तो गेला. खबर मला ड्यूटीवर कळली. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला त्यांच्या घरी न्या."

मी सुट्टी काढली. आम्ही दोघे साताऱ्याकडच्या त्याच्या गावी गेलो. घराच्या ओट्यावर त्याची आई बसली होती. आम्ही पोचल्यावर शेजारपाजारचे जमले. मला बोलायचं होतं. पलटणीतला मीच होतो, मीच सांगायला हवं होतं. पण मी ओट्याच्या पायरीवर टेकलो आणि बुटाची नाडी सोडत राहिलो.

बाई आईच्या शेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि त्यांच्या त्या कन्नडमिश्रित मराठीत सगळं सांगायला लागल्या. शाळा, ओळ, धार, बंद पडलेलं इंजिन, कमरेला दोर बांधून पाण्यात उतरलेला सोपान. मोठ्या, स्वच्छ आवाजात, वर्गाला ऐकू जाईल असं. ओट्याच्या टोकाला बसलेल्यांनाही शब्द न् शब्द ऐकू येत होता.

आई मध्येच म्हणाली, "पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.