रिठावरचा तंबाखू

आमचं सगळं वावर काळ्या मातीचं, फक्त एका कोपऱ्यात पांढरी. तिथं कधीकाळी गाव होतं, ते उठून गेलं. अशा ओसाड गावाला आमच्याकडे रीठ म्हणतात. चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंती, सगळं त्या मातीत मुरलेलं. काळीत पाणी साचून तंबाखूच्या मुळ्या सडतात, पांढरीत पाणी थांबत नाही. म्हणून बाबा तिथं घरापुरता तंबाखू लावतात. पान हातभर, चिकट, खायला जहाल. पण त्याची विडी केली तर विझते. लोक म्हणतात, रिठावरचं पान झपाटलेलं. अहो, मातीतला खार पानात उतरतो, दुसरं काय! मी वर्ध्याला शाळेत विज्ञान शिकवते, मला भुताखेतांचं सांगू नका. तरी भर दुपारी तिथं एक पाखरू बोलत नाही आणि सारखं मागं वळून बघावंसं वाटतं. खोटं कशाला बोलू?

माझ्याआधीचं आईचं पहिलं लेकरू तान्हं असतानाच गेलं. इतक्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात, आणि जागा आईला सांगत नाहीत. तिचा जीव तिथंच अडकतो म्हणे. आई म्हातारी झाली, तरी दर सणाला विचारते, "कुठं ठेवलं जी माह्या लेकराले?" बाबा उठून गोठ्यात जातात. मला दोघांचाही राग येतो.

यंदा संक्रांतीच्या सुट्टीत म्हटलं, माती तपासून लोकांची तोंडं बंद करू. उभ्या पिकात नमुना घेऊ नये हे कळतं मला, पण सुट्टी तेव्हाच होती. ठिकठिकाणी वीतभर खड्डे करून मी माती घमेल्यात गोळा करत होते. आई सोबत होती, डबीतला तंबाखू दाताला लावत. त्याच कोपऱ्यातला, नेहमीचा.

मधली चार-दोन झाडं खांद्याएवढी, काळपट हिरवी. वारा नव्हता, तरी त्यांचीच पानं हलत होती. मी तिथं खुरपं टेकवलं.

"तिथून नोको घेऊ!" बाबा बांधावरून ओरडले.

"काऊन जी? इथलीच माती तं चांगली हाये."

"नोको म्हणलं ना!" त्यांचा आवाज फाटला.

आईनं झाडांकडं बघितलं, मग बाबांकडं.

"इथं?"

बाबा जवळ आले.

"तंबाखूले रानडुक्कर तोंड लावत नाई," ते म्हणाले. "नाई तं उकरलं असतं त्यायनं. म्हणून लावला."

आईच्या हातात डबी तशीच उघडी होती.

"डुकरानं तोंड नाई लावलं," ती म्हणाली. "म्या लावलं. इतके वर्सं थुकत राह्यली मी."

मला रडू आवरेना. आईच्या तोंडात अजून तंबाखू होता. तो तिनं थुंकला नाही, गिळला.