आमेनऐवजी टाळ्या

२००१ साली मी जर्मनीत लुडविग्सहाफेनला निघालो, तेव्हा नगरच्या एसटी स्टँडवर, बसच्या दारातच, बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. कंडक्टर खोळंबला. "बाबा, लोक बघतायत," मी पुटपुटलो. "बघू दे. बघणारे कधीतरी ऐकतातही," म्हणाले, आणि सावकाश आमेनपर्यंत गेले.

आपल्या चर्चच्या मंडळीतल्या थोरांना बाबा ठाऊकच आहेत. पण माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या मुलांसाठी सांगतो: ते गावोगाव ख्रिस्ती कीर्तन करत. शुभवर्तमान एकच, पण 'कान बघून शब्द काढावा' हा त्यांचा नियम. विहीर खणणाऱ्यांना जिवंत पाणी. गुऱ्हाळावर, रसावरची मळी काढून टाकण्याची गोष्ट. शाळामास्तर समोर असले की नुसते प्रश्न विचारायचे. "मास्तरांना सांगायचं नसतं, त्यांच्याकडून वदवायचं असतं."

इथे मी केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागलो आणि धर्माबद्दल चकार शब्द काढला नाही. कोणी विचारलंच तर 'हो, हो, घरचं तसं आहे' म्हणून विषय बदलायचो.

चार वर्षांनी बाबा आले. आमच्या वस्तीतल्या चर्चच्या पाळकबाईंनी त्यांना गेमाइंडेहाऊसमध्ये, म्हणजे चर्चच्या सभागृहात, म्हाताऱ्यांच्या कॉफीच्या दुपारी गायला बोलावलं. "कोण असतात रे तिथे?" बाबांनी विचारलं. मी म्हणालो, "एकटे राहणारे म्हातारे. मुलं लांब गेलेली." दोन दिवस ते बायबल चाळत बसले. मग त्यांनी घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राचा दाखला निवडला, पण बापाच्या बाजूने.

चिपळ्या घेऊन ते उभे राहिले. दुभाषा मी. पहिल्याच रांगेत माझा बॉस, आईला घेऊन आलेला. ज्या लोकांनी आपल्याकडे मिशनरी धाडले, त्यांनाच माझा धोतरातला बाप शुभवर्तमान सांगणार, ही उलटी गंगा मला सोसवेना. मी जर्मनमध्ये म्हणालो, "तर, ही आमच्या भागातली लोककला. फोल्कलोर."

बाबा गात होते, की मुलगा दूर होता तेव्हाच बापाला दिसला, कारण बाप रोज वाटेकडे बघायचा. मध्येच गाणं थांबवून साध्या आवाजात म्हणाले, "माझाही लांब आहे. मीही बघतो. तुम्ही एकटे नाही." आणि माझ्याकडे पाहत थांबले.

मी भाषांतर केलं: "आता ते सुगीबद्दल गाणार आहेत."

शेवटी सगळ्यांनी छान टाळ्या वाजवल्या.

परतताना ट्राममध्ये बाबा म्हणाले, "टाळ्या का रे वाजवल्या? डोळ्यांत तर कुणाच्याच पाणी नव्हतं."

"इथे आमेनऐवजी टाळ्याच वाजवतात, बाबा."

"असं होय," म्हणाले, आणि खूश झाले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. परत गेल्यावर त्यांनी भर उपासनेत सांगितलं, जर्मनीतली मंडळी टाळ्यांनी आमेन म्हणते. तुम्हीही वाजवू लागलात. धाकटी बहीण सुनीता फोनवर हसत म्हणाली, "दादा, तुझ्या जर्मनीने पंचाईत केलीय. शांतामावशी प्रार्थना संपायच्या आतच सुरू होतात." मीही हसलो. तेव्हा सांगता आलं असतं. गेल्या वर्षी बाबांना माती दिली, शेवटची प्रार्थना झाली, आणि कबरीभोवती तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ही जर्मनीतली रीत नाही. माझं खोटं आहे. बाबा त्या म्हाताऱ्यांना जे द्यायला आले होते ते पोचलं नाही, कारण मध्ये मी उभा होतो. आणि त्यांनी मलाही काही सांगितलं होतं, ते मी सुगीत घालवलं.

सुनीता, हे रविवारी वाचून दाखव. टाळ्या ठेवायच्या की सोडायच्या ते मंडळीने ठरवावं. नाताळात मी येतोय. विचारायचं ते तोंडावर विचारा. इथे सगळे माझ्याशी नीट वागतात, पण माझ्या बापाचं काय केलंस असं विचारणारं इथे कोणी नाही. ते विचारायचा हक्क ज्यांना आहे, ती माणसं जिथे राहतात, तेवढंच आता माझं घर.