तीन नंबरचा चष्मा

हिरा गेल्याचं कळलं तेव्हा मी मेथी निवडत होते. शेजारची कुंदा धावत आली आणि दारातूनच म्हणाली, "कोलाडच्या नाक्यावर हिराला टेंपोनं उडवली गो." संध्याकाळी तिला घरी आणली तेव्हा जो तो एकच विचारत होता... भर दुपार, सरळ रस्ता, हिराला एवढा मोठा टेंपो दिसला कसा नाही? मी भिंतीला टेकून बसले होते. मला उत्तर ठाऊक होतं, पण मी गप्प राहिले. त्याआधी बोलायला हवं होतं, तेव्हाही मी गप्पच राहिले होते.

आम्ही दोघी पेणकडच्या खाडीकाठच्या. आमच्या आया मिठागरात मीठ ओढायच्या आणि आम्ही बांधावर खेळायचो. चौथीनंतर दोघींचीही शाळा सुटली. पुढं लग्नं झाली आणि दोघी रोह्याजवळ वरसे गावात आलो. हिराचा नवरा लवकर गेला. लोकांच्या शेतात राबून तिनं लेकीला, मनीषाला, वाढवली, तिचं लग्न लावून दिलं. मग एक कंपनी गावोगावच्या बायका शोधत आली, जवळचं बघायचे चष्मे विकायला. त्यांनी हिराला पेणला तीन दिवस शिकवलं. परत आल्यावर हिरा मला पाठ केल्यासारखं सांगत होती, की गरिबाला फुकट दिलेलं तो कोपऱ्यात टाकतो, स्वस्तात विकत घेतलेलं मात्र जपतो. चष्म्याचं दुकान गावात येत नाही, म्हणून दुकानानं बाईच्या खांद्यावर बसून यायचं. तिला एक निळी पिशवी दिली होती. त्यात एकपासून तीन नंबरपर्यंतचे चष्मे, एक सुई आणि पांढरा दोरा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर चष्मा ठेवायचा आणि सुई ओवायला लावायची. ओवली की तो नंबर त्याचा.

पहिला चष्मा तिनं मला लावला. "बघ आता तांदूळ. इतकी वर्षं नवऱ्याला खडे खायला घातलेस ते कळंल. आणि नवरा पण नीट दिसंल हां, मग मला बोल लावू नको." मी हसले, आणि ताटातला एकेक खडा खरंच वेगळा दिसायला लागला. चष्मा खोटा नव्हता, हे मला लिहायलाच हवं. त्या चष्म्यानं मी पुन्हा अक्षरं वाचायला लागले. पुरुषांसमोर मान वर न करणारी हिरा कोलाडपर्यंत पायी हिंडायला लागली, दुकानदार तिला ताई म्हणायला लागले. एक नियम तिला शिकवला होता, की तीन नंबरनंही दिसलं नाही, किंवा माणसाला शुगर असली, तर चष्मा विकायचा नाही, लाल चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. माझ्या जावेला तिनं अशीच चिठ्ठी दिली, स्वतः बरोबर अलिबागला गेली. जावेचे डोळे वाचले.

हिराला स्वतःला शुगर होती. पहिल्या वर्षी ती दीड नंबर लावायची, मग दोन, मग अडीच. पिशवी तिचीच, नंबर बदलायला कुणाला विचारायची गरज नव्हती. गेल्या पावसाळ्याच्या आधी मी ओट्यावर जवळा वाळत घातला होता, ती सरळ त्याच्यावरून चालत आली. पायाखाली कुरकुरलं तेव्हा थांबली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तिचा हात तांब्याच्या बाजूनं गेला.

"हिरे, तुला दिसत नाय."

"मला दिसत नाय? अख्ख्या तालुक्याला मी दाखवते!" ती हसली, पण मी हसले नाही. मग हळूच म्हणाली, "मधी काळं दिसतं गो. कडंनं दिसतं."

"कोणता लावतेस?"

"तीन."

"मग चिठ्ठी घे. कंपनीच्या साहेबांना सांग."

"व्हय, सांगते. आणि पिशवी कोणाला देतील? आंधळीकडनं चष्मा कोण घेईल, सुमे? पुन्हा मजुरीला जाऊ? मजुरीला तरी डोळं नको?" तिनं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कोणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

महिन्याभरानं कंपनीचे साहेब आणि मॅडम गावात आले. समाजमंदिरात बायका जमल्या. हिरानं जिभेवर दोरा ओला केला, नखाच्या टोकानं सुईचं भोक चाचपलं आणि समोरच्या बाईशी बोलता बोलता दोरा ओवला. साहेबांनी मोबाइलवर त्याचं चित्रीकरण केलं. म्हणाले, "बघा, आमच्या ताई सुईकडे न बघता ओवतात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी सगळ्यांत पुढं बसलेल्या मला विचारलं, "ताईंच्या कामाबद्दल काय सांगाल?" पाच-सहा शब्दच बोलायचे होते. हिरा आवाजाच्या दिशेनं मान वळवून माझ्याकडं बघत होती... मी म्हटलं, "बरं करते."

हिराच्या तेराव्यानंतर मनीषा घर आवरायला थांबली. कंपनीची माणसं भेटून गेली होती. पिशवी लेकीनं घ्यावी, गाव आईच्या ओळखीचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी गेले तेव्हा मनीषा चुन्याची बादली घेऊन उभी होती. मला म्हणाली, "मावशी, ही भिंत कशानं मळली गो? पुसून जात नाय."

मी बघितलं. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून मोरीपर्यंत, कमरेच्या उंचीवर एक काळपट, तेलकट पट्टा गेला होता. चार बोटं रुंद. मोरीच्या पुढं तो पिशवी टांगायच्या खिळ्याशी येऊन थांबत होता.

मग मी सगळं सांगितलं. जवळा, तांब्या, शपथ, समाजमंदिर. शेवटी म्हटलं, "पिशवी घ्यायच्या आधी रक्त तपास. शुगर आईकडून लेकीकडं येते म्हणतात."

मनीषानं त्या पट्ट्यावर बोटं ठेवली आणि दारापासून खिळ्यापर्यंत चालत गेली. "पावसाच्या आधीपासून ठाऊक होतं तुला?"

"व्हय."

"आणि आई रोज रस्ता ओलांडून जात होती."

ती परत आली, ब्रश उचलला आणि समोरच्या, पट्टा नसलेल्या भिंतीला चुना मारायला लागली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी तिचं काम होईपर्यंत दारात उभी राहिले.

परवा कुंदानं सांगितलं, मनीषा रोह्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आली. काय निघालं ते कुंदाला माहीत नाही, आणि मनीषा माझ्याशी बोलत नाही. तिच्या घरावरून जाताना दार उघडं असलं की आत दिसतं. तीन भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत. चौथीला तिनं हात लावलेला नाही.